एका बादलीएवढी जागा

मेसिया, न्यू मेक्सिको
११ मे १९८६

लुला,

हे पत्र मी किती दिवस टाळलं ते विचारू नकोस. ईस्टरच्या आधी एकदा लिहायला बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या शेतातला घोडा सुटला. तो पकडण्यात दुपार गेली आणि कागद पावसात भिजला. मग दुसरा कागद मिळेपर्यंत सांगायचं काय होतं तेच विसरलो. पण काल आपल्याकडे आईचा दिवस होता. हुआरेसच्या रेडिओवर सकाळपासून सगळी आईचीच गाणी चालू होती. ती ऐकून आज बसलो. आईला सांग, मी तिला विसरलेलो नाही, फक्त पोस्टाला विसरलो होतो. हे पत्र ताचो ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो स्टँडवरून तुझ्यापर्यंत पोचवेल.

मी सध्या एका पेकानच्या बागेत आहे. अक्रोडाच्या जातीची झाडं, सरळ रांगांत, मिलिटरीसारखी. मालकीण मिस विल्मा. सत्तरी उलटलेली विधवा बाई, स्वतः पिकअप चालवते, आपली भाषा बोलते, पण जोडे उलटे घातल्यासारखी. तिचं आणि माझं एकाच गोष्टीवर वाजतं. ती विचारते, "फर्मीन, पाणी देऊन झालं?" मी म्हणतो, "या मेरो." झालंच म्हणून समजा. आपल्या सौसालमध्ये यावर कुठलाही भला माणूस "बरं" म्हणून घरात जातो. ही काय करते? घडीची खुर्ची आणते आणि पाटाच्या कडेला बसते. "झालंच ना? मग बघूनच जाते. किती रांगा राहिल्या?"

लुला, तोवर पहिल्या रांगेलाही पाणी लागलं नव्हतं. एक कासव पाट ओलांडत होतं, ते बघत मी उभा होतो. ते अर्ध्यात गेलं होतं. मध्येच कसं सोडणार?

शेवटी ती म्हणाली, "तुझं जवळजवळ म्हणजे अजून सुरूच नाही?"

मी म्हटलं, "मॅडम, पण सुरू करणारच होतो."

यावर ती रागावली नाही, हसलीही नाही. मला इंग्रजीचा धडाच दिला. त्यांच्यात 'ऑलमोस्ट' म्हणायचं तर आधी मागे वळून मोजायचं. शंभरातल्या नव्वद रांगा झाल्या असतील, तरच ऑलमोस्ट. आपल्याकडे 'या मेरो' म्हणताना माणूस पुढे बघतो, आणि समोरच्याचा चेहरा पडू नये एवढंच बघतो. मी तिला हे समजावलं. ती म्हणाली, झाडं चेहरा बघत नाहीत.

छताचं विचारलं होतंस. येतो ना. या मेरो.

फर्मीन

ता. क. ते कासव पलीकडे गेलं.


एल सौसाल
२२ मे

फर्मीन,

कासव पोचलं, बरं वाटलं. या घरातून निघालेलं कोणीतरी कुठेतरी पोचतं म्हणायचं.

आता नीट वाच. हे पत्र वाचताना घोडा सुटला तर सुटू दे.

बाबांनी उभ्या केलेल्या भिंतींवर इतकी वर्षं आभाळच आहे. गेल्या ऑगस्टमध्ये स्वयंपाकघराचे पत्रे उडून शेजारच्या बारोन्यांच्या मक्यात पडले, ते तू नव्हतास तेव्हा. आई आणि मी ती रात्र टेबलाखाली काढली. यंदा होली क्रॉसच्या दिवशी, मिस्त्र्यांच्या सणाला, मासेदोनियो मिस्त्रीने भिंतीवर फुलांचा क्रूस लावला आणि आईला म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी हा क्रूस भिंतीवर नको, छतावर हवा." आईने हो म्हटलं. तू पाठवलेलं सिमेंट आलंय. फळ्या-टेकू लावून झालेत. गज बांधलेत. आता फक्त ओतायचं राहिलंय.

आणि ओतणं म्हणजे काय ते तुलाही माहीत आहे, तरी सांगते, कारण तुला माहीत असलेल्या गोष्टी तुला आठवत नाहीत. छत एका दमात ओतावं लागतं. सकाळी सुरू केलं की शेवटच्या कोपऱ्यापर्यंत थांबायचं नाही. जिथे थांबाल तिथे सांधा पडतो, आणि सांध्यातून पाणी येतं, आयुष्यभर येतं. म्हणून अख्खी वाडी बादल्या घेऊन येते. यात 'या मेरो' नसतं.

पण आई म्हणते, पहिली बादली फर्मीनची. बाबा तसं बोलून गेलेत. तू आल्याशिवाय ती एक थेंब ओतू देणार नाही.

आता माझं. चिवावाच्या नर्सिंगच्या शाळेत माझं नाव गेल्या वर्षीच लागलं होतं. आईला उघड्यावर सोडून जाता येईना, म्हणून मी त्यांना 'या मेरो' कळवलं. त्यांनी जागा एक वर्ष राखून ठेवली. यंदा जुलैच्या पहिल्या सोमवारी हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाईल, असं मोठ्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे तू आलास तर छत, छत झालं तर मी. नाही आलास तर मी इथेच, पत्रे धरून.

सान हुआनच्या सणाला, चोवीस जूनला, पाऊस लागतो. त्याआधीचा शनिवार ठरलाय, एकवीस जून. मला तारीख कळव. तारीख म्हणजे आकडा असतो.

तुझी बहीण
ओब्दुलिया (लुला)


मेसिया
५ जून

लुला,

आकडा: वीस. शुक्रवारी वीस तारखेला मी दारात. मिस विल्माला सांगून टाकलंय, रजा मिळाली. बघ, किती सोपं झालं. तू उगाच चिडतेस.

हे आधी लिहिणार होतो, पण मंगळवारी मी मेलोच होतो. तोच शेजारचा घोडा. नाल ठोकताना मी मागून गेलो आणि त्याने अशी लाथ झाडली की माझी टोपी उडाली. डोकं राहिलं. धावत घरी येऊन मी मिस विल्माला ओरडून सांगितलं, "मॅडम, घोड्याने मला मारलंच!" आपण सांगतो तसंच की. ती पांढरीफटक पडली, खुर्ची पुढे केली, मला आडवं केलं, रक्त कुठे आहे शोधायला लागली. मी म्हटलं, "अहो, लागली नाही." ती म्हणाली, "मग मारलं कुठे?" "मारता मारता राहिला." तिने खुर्ची घडी करून ठेवली. म्हणाली, "फर्मीन, तुमच्याकडे न झालेल्या गोष्टीसुद्धा इतक्या जोरात होतात?"

खरं सांगू का, ती चुकीचं बोलली नाही. आठव, चुलतमामा नेताल्योचं गाढव. विहिरीत पडता पडता वाचलं, ती गोष्ट आपण अजून सांगतो. प्रत्यक्ष पडलेली तीन गाढवं कोणाला आठवत नाहीत.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. छताचं सांगताना मी तिला, आपली रीत म्हणून, म्हटलं, "मॅडम, तिकडे आपलंच घर आहे, छत पडलं की या." आपण पोस्टमनलासुद्धा म्हणतो. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं! "कधी? किती दिवसांसाठी? गाद्या आणू का?" मला घाम फुटला. म्हटलं, पूर्ण झालं की कळवतो. ती म्हणाली, "पूर्ण म्हणजे पूर्ण ना? तुझं पूर्ण नाही." आणि कॅलेंडर परत टांगलं. पण जुलैचं पान दुमडून ठेवलंय तिने, मी पाहिलं.

इथे सगळे वर्ल्ड कपचा फुटबॉल बघतायत. म्हणजे सगळे आपले. गोरे लोक नालफेक खेळतात. खुंटीला नाल अडकला तर जास्त गुण, नुसता जवळ पडला तरी एक. मिस विल्मा म्हणते, या एकाच खेळात जवळजवळला किंमत आहे, म्हणून तो तिला आवडतो.

वीस तारीख. आईला सांग, बादली घासून ठेव.

फर्मीन


एल सौसाल
१६ जून

फर्मीन,

काल आपण बल्गेरियाला हरवलं आणि अख्खी वाडी रस्त्यावर नाचली. मीही नाचले. आज सकाळी कळलं की पुढचा सामना मॉन्तेरेला, जर्मनीशी, शनिवारी दुपारी चारला. आपला शनिवार.

सकाळपासून माणसं येऊन जातायत. "लुला, छत रविवारी नाही का जमणार?" मिस्त्री दारातूनच ओरडतो, "रविवारी तुझ्या फळ्या तू धरशील का रे? रविवारपासून त्या दुसऱ्या गावच्या छताला लागायच्यात!" शेवटी ठरलं की पहाटे सुरू करायचं, चारच्या आत संपवायचं, आणि रेडिओ पाण्याच्या टाकीवर ठेवायचा. मोलेचा रस्सा आणि डुकराचं मटण शिजणार आहे. आईने तुझी बादली घासलीय. खरोखर घासलीय, रेतीने. अंगणात उलटी ठेवलीय आणि कोणालाही हात लावू देत नाही.

मी बॅग भरलीय. ती पलंगाखाली आहे. आईने पाहिलीय, मीही तिला ती पाहताना पाहिलंय. 

फर्मीन, मला एवढंच कळव: येतो. 'येतोच' नको. 'आलोच' तर अजिबात नको. आपल्या घरात 'आलोच' म्हणून गेलेला माणूस कधी दुपारी परत आलेला नाही.

लुला


मॉन्तेरे
२२ जून

लुला,

हे पत्र फाडू नकोस, आधी वाच.

मी निघालो होतो. आईची शपथ, गुरुवारी संध्याकाळीच निघालो. हुआरेसच्या स्टँडवर घराकडच्या पार्रालचं तिकीट काढलं, खिशात ठेवलं. बस सुटायला वेळ होता म्हणून कॉफी घ्यायला गेलो, तिथे चौघं भेटले, पिकअपवर झेंडा. एक जण ओळखीचा, गेल्या वर्षी मिरच्यांच्या शेडमध्ये माझ्याबरोबर होता. म्हणाला, "फर्मीन, मॉन्तेरे! आमच्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे, म्हणजे जवळजवळ आहे, तिथे एक जण देणार आहे." मी म्हटलं, शक्य नाही, घरी छत आहे. तो म्हणाला, "रातोरात जाऊ, सामना बघू, रात्रीच परत फिरू, रविवारी सकाळी तू घरी." मी हिशेब केला. छत शनिवारी. पण शनिवारी सगळे सामन्याच्या नादात असणार, तू पत्रात म्हणालीच होतीस की लोक रविवार मागतायत. म्हणजे रविवारीच ओतणार, असं मी धरलं. मिस्त्रीच्या फळ्यांचं तू लिहिलं होतंस, तेही वाचलं होतं. पण पिकअपमध्ये वारा लागायला लागला की माणसाला पत्रातला अर्धाच भाग आठवतो.

जो तिकीट देणार होता तो आलाच नाही. मी स्टेडियमच्या बाहेर उभा राहिलो, आतल्या आवाजावरून सामना ऐकला. एकदा एवढा मोठा आवाज उठला की मी एका अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली. तो गोल मोजलाच नाही म्हणे. शेवटी पेनल्टीत हरलो. बाहेर आलेली माणसं एकमेकांना म्हणत होती, "जिंकलोच होतो की." मीही म्हटलं. मग म्हाताऱ्याने विचारलं, "तू कुठला पोरा?" सांगायला तोंड उघडलं आणि मला आपलं अंगण दिसलं, बादली उलटी.

पिकअपवाले मला न घेताच गेले. बसच्या तिकिटापुरतं इथे बाजारात पेट्या उचलतोय. मग निघतो. लिहिणार होतो 'आलोच', पण हात थांबला.

फर्मीन


एल सौसाल
४ जुलै

फर्मीन,

हे पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवून जातेय. तू आलास की आई देईल. तुझं मॉन्तेरेचं पत्र मिळालं. फाडलं नाही. आईला अर्धं वाचून दाखवलं, म्हाताऱ्याला मिठी मारलीस तो भाग वगळून.

त्या दिवशी काय झालं ते तुला कळायला हवं.

सगळे पहाटे आले. आई रस्त्याकडे तोंड करून बादलीवर बसली होती. मिस्त्री आला, वाळू-खडी बघितली, आभाळ बघितलं. म्हणाला, "बाई, सुरू करू?" आई म्हणाली, "तो या मेरो येतोय." तो गेला, थोड्या वेळाने परत आला. "सुरू करू?" "या मेरो." असं कितीदा झालं. माणसं भिंतीला टेकून सिगारेटी ओढत होती, रेडिओवर तर सामन्याच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "बाई, तुमचा फर्मीन जर्मनांकडून खेळतोय का, मैदानातच उतरत नाही!" सगळे हसले. आईही हसली, पण उठली नाही. डोंगराच्या मागे काळं दिसायला लागलं.

मी तिच्यासमोर जाऊन उकिडवी बसले. म्हटलं, "आई, तो येत नाहीये. त्याला यायचंय, ते खरं आहे. पण येत नाहीये. आणि मी जुलैचा पहिला सोमवार गाठणार आहे. छत असेल तर तू कोरडी राहशील, नसेल तर भिजशील, पण मी जाणार." असं मी आईशी कधी बोललेले नाही. आवाज माझा वाटलाच नाही.

ती बादलीवरून उठली. मग मिस्त्रीला म्हणाली, "ओत. पण तो कोपरा सोडायचा." स्वयंपाकघराच्या वरचा कोपरा. तिने तिथे फळी लावून घेतली. एका बादलीएवढी जागा. "ती त्याची. आला की तो भरेल."

मिस्त्री डोक्याला हात लावून ओरडला, "बाई, तिथून अख्खं आभाळ आत येईल!"

"येऊ दे."

आम्ही ओतायला लागलो. शिडीवर माणसं, बादल्या खालून वर, वरून खाली. मिस्त्री तर पिसाळलेला होता, "थांबू नका, थांबू नका, नंतर रडा!" दुपारपर्यंत छत त्या फळीपर्यंत आलं. मग सगळे थांबले आणि आईकडे बघायला लागले. काँक्रीट थांबत नाही, ते घट्ट होत होतं. रेडिओवर राष्ट्रगीत सुरू झालं आणि एकही माणूस रेडिओकडे वळला नाही.

आई शिडी चढली. तिचे गुडघे दुखतात, तू जाणतोस. घासलेली बादली मागवली, स्वतः भरून घेतली, फळी काढली आणि ओतली. थापीने सपाट केली. नंतर एवढंच म्हणाली, "आता सामना लावा."

शेवटी हरलो. मोले मात्र सगळं संपलं. संध्याकाळी पाऊस आला आणि आम्ही सगळे छताखाली उभे राहून वर बघत होतो. एक थेंब आला नाही.

मिस्त्रीने खांबांचे गज छताच्या वर तसेच उभे ठेवलेत, सगळे ठेवतात तसे, वरच्या खोलीसाठी. गंज लागू नये म्हणून आईने प्रत्येकावर बाटली उलटी घातलीय. म्हणते, वरची खोली फर्मीनची. तिथे तुझं 'या मेरो' चालेल. खाली नाही.

उद्या मी निघते. तू आलास की निदान पाऊस संपेपर्यंत आईजवळ राहा. तिचे गुडघे शिडीनंतर सुजलेत. बारोनीण सध्या येऊन झोपते, पण ती कायमची येणार नाही. तू निघून गेलास तर मला परत यावं लागेल, फर्मीन. आईला एकटं ठेवून मी तिथे परक्यांच्या उशाशी कशी बसू? आणि यावेळी परत आले तर पुन्हा कोणी जागा राखणार नाही.

लुला


एल सौसाल
१० ऑगस्ट

लुला,

या वेळी टाळलं नाही, फक्त थोडं लांबलं. नऊ जुलैला पोचलो. आई दारात होती. मी मिठी मारणार तोच म्हणाली, "आधी वर जाऊन छत बघून ये, मग जेव." गेलो. तो कोपरा शोधला. लुला, कळतच नाही. सगळीकडे सारखं सपाट. मी ओणवा होऊन हात फिरवला, कुठे सांधा लागतो का बघायला. नाही लागला. खाली येऊन जेवलो. आईने विचारलं, "सापडला का कोपरा?" म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणाली आणि अजून एक तोर्तिया वाढली.

आईचे गुडघे बरे आहेत. म्हणजे मोजून सांगतो: शिडी नाही, पण चर्चपर्यंत जाऊन येते, वाटेत एकदाच बसते. तुझं पत्र तिला दोनदा वाचून दाखवलं. तुझ्या पांढऱ्या टोपीचा फोटो तिने घड्याळाशेजारी ठेवलाय. शेजारणींना सांगते, "माझी लुला डॉक्टरच आहे जवळजवळ." मी म्हटलं, आई, अजून महिनाच झालाय. मला म्हणाली, तू गप्प बस.

आता जे सांगायचंय ते. मन राहत नाहीये इथे. कुआउतेमोकला सफरचंदं सुरू झालीत, ताचो म्हणतो की माणसं हवीत. छत झालं, पाऊसही संपतच आला. काल मी पिशवी भरून दाराशी ठेवली. आईने पाहिली. तुझ्या बॅगेकडे जसं बघितलं असेल तसंच बघितलं, आणि बीन्स निवडत राहिली. मी तुला लिहायला बसलो होतो की फक्त तीनच आठवडे, मग आलोच, तोवर बारोनीण येईल, तू काळजी करू नकोस, परत यायची गरज नाही. 'आलोच' लिहिलंही होतं. ते खोडलंय, वर दिसत असेल.

खोडलं ते का, सांगतो. आत्ता बाहेर हॉर्न वाजला. ताचोचा नव्हे. न्यू मेक्सिकोची नंबर प्लेट, मागे दोन गाद्या, एक घडीची खुर्ची आणि एका पोत्यात खणखणणारे नाल. मिस विल्मा! मॉन्तेरेहून परतल्यावर मी तिला दोन ओळींचं कार्ड टाकलं होतं, रीत म्हणून: छत पूर्ण झालं, आपलं घर तयार आहे. ती घर बघायला आलीय. आईने तिला मिठी मारली, जणू वर्षभर वाट बघत होती. तुझ्या पलंगावर ती झोपायला तयार नाही, म्हणते तो मुलीचा आहे. "माझी खोली कुठली?" तर आईने सरळ वर बोट दाखवलं, म्हणाली, "वर. या मेरो झालीच आहे."

ती शिडी चढून वर गेलीय, लुला. गजांच्या मधोमध उलट्या बाटल्यांमध्ये उभी आहे. खुर्ची वर मागवलीय. आई दारातली माझी पिशवी उचलून आत ठेवतेय, आणि वरून ती मला विचारतेय, "फर्मीन, विटांच्या किती रांगा राहिल्या?"